बिजागरीचं हाड

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता वारज्याच्या आपल्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीचं दार लावून, शर्मिलाताई ओव्हाळ आपला उजवा हात दोन गुडघ्यांत धरून ओढत होत्या. हात त्यांचा स्वतःचाच असल्यामुळे तो निघण्याचा प्रश्न नव्हता. निघायला हवं होतं ते मनगटातलं कडं, आणि ते त्यांच्या लेकीचं, चैतालीचं होतं.

चैताली खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली त्याला नुकतंच वर्ष झालं होतं. पंधरा दिवसांपूर्वी तिनं डेक्कनच्या एका गल्लीतून हे कडं आणलं. चार बोटं रुंद, काळपट चांदीच्या रंगाचं, मधोमध बोराएवढा निळा खडा, एका अंगाला बिजागरी आणि दुसऱ्या अंगाला खटका. किंमत एका पिझ्झ्यापेक्षा कमी आहे, असं तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. पिझ्झा हे माप शर्मिलाताईंना मान्य नव्हतं.

"हा दागिना आहे की नळाचं कपलिंग?" त्यांनी विचारलं होतं.

"आई, ह्याला स्टेटमेंट ब्रेसलेट म्हणतात."

"स्टेटमेंट पोलीस चौकीत देतात. मनगटावर नाही."

चैतालीनं कुठल्याशा वेबसाइटवरचं एक पान छापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं होतं. एकच ठसठशीत ब्रेसलेट रोजच्या साध्या कपड्यांवर कसं घालावं, याचे त्यात धडे होते. पांढऱ्या शर्टावर बाही दुमडून घाला, सुती कुर्त्यावर घाला, आईच्या साध्या साडीवर घाला, दुसरा हात मोकळा ठेवा आणि बाकी सगळं त्या ब्रेसलेटवर सोडा. शर्मिलाताईंनी ते पान चष्मा लावून वाचलं आणि मग त्यांचा पारा चढला.

"माझ्या आजीच्या हातात कोपरापर्यंत असलीच कथलाची कडी होती. सभेला गेली, बाबासाहेबांचं भाषण ऐकलं, आणि घरी येऊन सगळी उतरवून ठेवली. म्हणाली, ही आपली ओळख नाही, आता पोरींना शिकवायचं. तिनं जे काढून टाकलं ते तू पैसे देऊन घालतेस?"

"तुझ्या आजीवर ती लादलेली होती गं. मी हौसेनं घालतेय. फरक आहे ना?"

फरक होता. तो शर्मिलाताईंनाही कळत होता, पण बोलून बसल्यावर मागे फिरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यातून बाबुरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, ते कपलिंगचं वाक्य सोसायटीच्या चारही मजल्यांवर पोचवलं. बाबुरावांच्या पोटात आजवर फक्त जेवण राहिलं होतं, गोष्ट कधीच राहिली नव्हती. साधेपणाच्या बाबतीत ओव्हाळबाईंचा शब्द म्हणजे शेवटचा, अशी त्यांची आधीपासून कीर्ती होतीच. ती आता पक्की झाली.

आणि अशा शर्मिलाताईंनी, चैताली कंपनीच्या ट्रेनिंगला पाच दिवस हैदराबादला गेल्याच्या दुसऱ्याच सकाळी, तिचं कपाट उघडलं होतं. विमानतळावर तपासणीची कटकट नको म्हणून ती कडं घरीच ठेवून गेली होती. ऑफिसला जायला त्यांनी राखाडी सुती साडी नेसली होती. दारावर लिहिलेलंच होतं, साध्या साडीवर घाला. घालून तर बघू, किती वाईट दिसतं ते, असं मनाशी म्हणून त्यांनी ते घातलं. डाव्या हातात घड्याळ, म्हणून उजव्या हातात घातलं. खटका बसला. आरशात पाहिलं, आणि चोपन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपलं मनगट सुंदर वाटलं. त्या आनंदात दोन मिनिटं गेली. त्यानंतरची पंचवीस मिनिटं खटका उघडण्यात गेली आणि तो उघडला नाही.

साबण झाला, खोबरेल झालं, केसांची पिन झाली. शेवटी त्यांनी चैतालीला फोन लावला.

"पोचलीस का गं नीट?"

"रात्रीच सांगितलं ना आई. आत्ता क्लासमध्ये आहे मी."

"बरं बरं. सहज विचारते, हल्लीच्या वस्तूंचे खटके कसे उघडतात?"

"कसल्या वस्तूंचे?"

"छत्रीचे."

"छत्रीचं बटण दाबायचं आई, उघडते. ठेवू?"

बाहेरून बाबुरावांनी दार वाजवलं. "अगं, नऊ वाजले. बस चुकेल तुझी."

आता कडं पदराखाली लपेना, बाहीत जाईना. शर्मिलाताईंनी औषधांच्या डब्यातली क्रेप बँडेजची गुंडाळी काढली आणि कड्यावरून मनगटाला घट्ट गुंडाळली. बाहेर येऊन म्हणाल्या, "मोरीत घसरले. मुरगळलाय." आयुष्यात त्या फारसं खोटं बोलल्या नव्हत्या, त्यामुळे एका खोट्याला किती खायला घालावं लागतं याचा त्यांना अंदाज नव्हता.

पहिला घास ऑफिसात गेला. एका सरकारी कार्यालयात त्या वरिष्ठ लिपिक होत्या. हेडक्लार्क तात्याराव हे नियमाचे माणूस. हजेरीपट त्यांनी पुढ्यात सरकवला आणि बँडेजकडे पाहिलं.

"ओव्हाळ मॅडम, सही कशी करणार?"

"करते की हळूहळू."

"छे छे. मुरगळलेल्या हाताची सही रेकॉर्डवरच्या सहीशी जुळणार नाही. उद्या ऑडिटला काय सांगू?"

"मग डाव्या हातानं करते."

"ती तर मुळीच जुळणार नाही." तात्यारावांनी थोडा विचार केला आणि टेबलाच्या खणातून शाईचं पॅड काढलं. "अंगठा लावा. अंगठा बदलत नाही."

शर्मिलाताई एम.ए. होत्या. दर रविवारी विहारात त्या बायकांचा अक्षरवर्ग घेत. सहा वर्षांत एकोणीस बायकांना त्यांनी अंगठ्यावरून सहीवर आणलं होतं, आणि त्यांच्या घरी भांडी घासायला येणारी मुक्ताई ही त्यांतली पहिली. त्या शर्मिलाताईंनी सोमवारी सकाळी दहा वाजता हजेरीपटावर निळा अंगठा उमटवला. शेजारच्या टेबलावरचे सुखदेव ते बघत होते.

"मॅडम, तुमच्या फायली आता माझ्याकडे का?" त्यांनी खिन्नपणे विचारलं.

"चारच दिवस."

"चार दिवसांत मीही कुठे तरी घसरून पडावं म्हणतो."

घरी आल्या तर बाबुरावांनी कणीक मळून ठेवली होती. हडपसरच्या एका कारखान्यात बाबुराव सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाल्यापासून एखादी आपत्ती कधी येते याची ते वाटच बघत होते. कणकेनं त्यांच्या मनगटापर्यंत मजल मारली होती.

"तू बस. हात हलवू नकोस. मी शमशुद्दीनचाचांना बोलावलंय."

शमशुद्दीनचाचा तळमजल्यावर राहत. वय पंच्याहत्तर. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या हाडं बसवण्याचं काम होतं, आणि नाना पेठेतून वारज्याला मुलाकडे राहायला आले तरी माणसं त्यांना शोधत इथवर येत. ते आले, सोफ्यावर बसले, आणि नको नको म्हणेपर्यंत त्यांनी शर्मिलाताईंचा हात मांडीवर घेऊन डोळे मिटले. चाचा हाड कधी डोळ्यांनी बघत नसत, बोटांनी बघत. बँडेजवरून त्यांची बोटं फिरली, थांबली, परत फिरली.

"बाबुराव, जरा तिळाचं तेल कोमट करून आणता?"

बाबुराव स्वयंपाकघरात गेले. चाचांनी डोळे उघडले.

"शर्मिला बेटी," ते हळूच म्हणाले, "पन्नास साल मी हाडं बसवतोय. बिजागरी असलेलं हाड पहिल्यांदाच हाताला लागलं."

शर्मिलाताईंनी सगळं सांगून टाकलं. सांगताना कपलिंगचं वाक्य आलं तेव्हा चाचांनी मान हलवली. ते वाक्य तळमजल्यावर आधीच पोचलं होतं. मग त्यांनी बँडेज सोडलं आणि खटक्याला दोन्ही अंगठे लावून असा काही जोर केला, की शर्मिलाताईंचा हात खरोखरच मुरगळायची वेळ आली. खटका हलला नाही.

"कापावं लागेल, बेटी."

"नको हो चाचा. चैतालीचं आहे. तिनं हौसेनं आणलंय."

"मग तिलाच सांगा की. मुलगी आहे तुमची."

"तिला कसं सांगू? काय काय बोलले मी तिला!"

तेल घेऊन बाबुराव आले तेव्हा बँडेज पुन्हा जागच्या जागी होतं. "नाजूक जागा आहे," चाचा गंभीरपणे म्हणाले. "हात पाण्यात घालायचा नाही. कुणी पट्टी सोडायची नाही. बाकी अल्लाह मालिक." आणि जाताना दाराशी त्यांना जो खोकला आला, तो जिना उतरेपर्यंत थांबला नाही.

मग आठवडा सुरू झाला. बाबुरावांच्या पोळ्या मंगळवारी भारताच्या नकाशासारख्या झाल्या, बुधवारी श्रीलंकेसारख्या. मुक्ताई भांडी घासता घासता शर्मिलाताईंची वेणी घालून देऊ लागली, साडीच्या निऱ्या काढून देऊ लागली. "ताई, तुमी बसा निवांत. जल्मभर दुसऱ्याचंच करताय," असं म्हणत तिनं घरून लसणाची चटणीसुद्धा आणली. शर्मिलाताईंना ती चटणी गिळवेना. एवढी माया आणि ती कशासाठी, तर चार बोटं रुंद खोटेपणासाठी!

पण एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही, चाचांनाही नाही. रोज सकाळी आंघोळीच्या वेळी त्या दाराला कडी लावून बँडेज सोडत. मंगळवारी त्यांनी ते कडं तपकिरी साडीवर पाहिलं. बुधवारी जांभळ्या काठाच्या. गुरुवारी पौर्णिमा होती, विहारात वंदनेला जायचं म्हणून पांढरी साडी होती, आणि त्या पांढऱ्याशुभ्र पदराजवळ तो निळा खडा असा काही उठून दिसला, की शर्मिलाताई आरशापुढे उभ्याच राहिल्या. कपाटावरचं ते पान अक्षर न् अक्षर खरं होतं. नोकरीला लागल्यापासून पगार आला की आधी भावाची फी, मग घराचे हप्ते, मग चैतालीची फी. दागिना घ्यावा असं कधी वाटलंच नाही, असं त्या सगळ्यांना सांगत. वाटलं होतं, पुष्कळदा वाटलं होतं. घेता आलं नाही, त्याचा त्यांनी नियम करून टाकला होता.

शुक्रवारी संध्याकाळी चैताली आली. आईचा हात बघून ती रडकुंडीला आली, बाबांची पोळी बघून हसली, आणि रात्रीच्या जेवणाआधी आपलं कपाट उघडून तिनं विचारलं, "माझं ब्रेसलेट कुठे गेलं? उद्या टीमचा फोटो आहे."

शर्मिलाताईंनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं. शपथेवर सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते मात्र, "असेल इथेच कुठेतरी. नीट शोध."

तिथेच त्यांचं चुकलं. कारण वस्तू हरवली हे कळताच बाबुरावांमधला सुरक्षा अधिकारी ताडकन उठून बसला.

शनिवारी सकाळी मुक्ताई आली तेव्हा दिवाणखान्यात खुर्च्या मांडलेल्या होत्या. टीपॉयवर वही, पेन आणि पाण्याचा ग्लास होता. हा ग्लास कारखान्यातही चौकशीच्या वेळी ठेवत.

"मुक्ताई, बस," बाबुराव म्हणाले. "कुणावर संशय नाही. ही फक्त पद्धत आहे."

"बाबा, काहीतरीच काय!" चैताली म्हणाली. "मुक्ताईमावशीला काय विचारताय?"

"घरात आठवडाभर कोण कोण आलं? मी, तुझी आई, शमशुद्दीनचाचा आणि मुक्ताई. चाचा तुझ्या खोलीत गेले नाहीत. मी गेलो नाही. तुझ्या आईचा एक हात बांधलेला. उरलं कोण?"

मुक्ताई बसली नाही. पदराला हात पुसत उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"अकरा वर्सं झाली, दादा," ती म्हणाली. "ह्या घरचा चमचा इकडचा तिकडं झाला न्हाई."

"मला माहीत आहे. म्हणूनच लेखी घेतोय. म्हणजे तुझ्यावर बालंट नको." बाबुरावांनी चार ओळी लिहिल्या आणि वही पुढे केली. "वाच आणि खाली सही कर."

मुक्ताईनं वही घेतली. एकेका अक्षराखालून बोट फिरवत तिनं चारही ओळी वाचल्या. मग पेन घेतलं आणि खाली मान घालून, ओळीला धरून, 'मुक्ताई' अशी सही केली. उकार देताना तिनं शर्मिलाताईंकडे पाहिलं. वर्गात उकार चुकायचा, म्हणून ती दर वेळी असंच पाहत असे.

शर्मिलाताईंना भडभडून आलं. ही अक्षरं त्यांनी गिरवून घेतली होती. ही बाई आपण चोर नाही असं लिहून देत होती, स्वच्छ सही करून. आणि तिची मास्तरीण पाच दिवस हजेरीपटावर अंगठे उमटवून आता तोंड शिवून बसली होती. अब्रू गेली तर जाऊ दे, असं त्यांनी ठरवलं नाही. ठरवायला वेळच मिळाला नाही. त्या उठल्या, दातांनी बँडेजची गाठ सोडली आणि सगळ्यांदेखत गुंडाळी उलगडायला लागल्या.

"अगं, अगं! चाचांनी सांगितलंय ना—" बाबुराव ओरडले.

बँडेज फरशीवर पडलं. खाली सुजेचा पत्ता नव्हता. निळा खडा खिडकीतल्या उन्हात लखलखला.

"मी घेतलं," शर्मिलाताई म्हणाल्या. "सोमवारपासून माझ्याच हातात आहे. घालून बघितलं, खटका अडकला, आणि मी तुला काय काय बोलले होते चैताली, त्याची लाज वाटली म्हणून बांधून ठेवलं. घसरले नाही, मुरगळलं नाही. मुक्ताई, मला माफ कर गं. मी काल रात्रीच बोलायला हवं होतं."

चैतालीनं ओठ घट्ट मिटले होते, पण तिचे खांदे हलत होते. बाबुराव वहीकडे आणि पोळ्यांच्या डब्याकडे आळीपाळीनं बघत होते. पाच दिवसांची कणीक त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावी.

"आई, पाच दिवस!" चैतालीला हसू आवरेना. "अगं, मला विचारायचं तरी! त्याचा खटका जरा—"

पण मुक्ताई आधीच पुढे आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तिनं पदरानं टिपलं आणि शर्मिलाताईंचा हात हातात घेतला.

"आवो ताई, वढायचं नसतं ते," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "आदी आत दाबायचं, मंग खड्याच्या अंगानं सरकवायचं. हे असं."

खट्. कडं उघडलं. जे चाचांच्या पन्नास वर्षांच्या अंगठ्यांना जमलं नव्हतं, ते मुक्ताईनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी केलं. शर्मिलाताईंनी मोकळ्या मनगटाकडे पाहिलं. ते एकदम ओकंबोकं दिसलं आणि त्यांना चक्क वाईट वाटलं.

बाबुरावांनी हळूहळू मान वर केली. "मुक्ताई, तुला कसं माहीत?"

मुक्ताईनं जीभ चावली.

"म्हंजी... पुसताना बघितलंय."

"पुसताना?"

"खोटं कशाला बोलू," मुक्ताई म्हणाली. "चैतालीताईनं आणलं तवापास्नं रोज घालतीया. भांडी झाली का पाच मिन्टं. आरशापुढं हुबी ऱ्हाती, आन् जागच्या जागी ठिवती. ह्या हप्त्यात न्हवतं, तर मला वाटलं ताई घिऊन गेली हैदराबादला. लई चुकल्यासारखं झालं."

बाबुरावांनी पेनाचं टोपण काढलं. जबाबात दुरुस्ती करावी की पान फाडावं, हे त्यांना ठरवता येईना. पहिल्या हसल्या त्या शर्मिलाताई. मग चैताली. मग मुक्ताईही पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि सकाळपासून घरात साचलेलं सगळं एकदाचं मोकळं झालं.

"बरं, मग सांग," डोळे पुसत शर्मिलाताई म्हणाल्या. "तू माझ्याआधीपासून घालतेस. मला कशावर चांगलं दिसेल?"

मुक्ताईनं त्यांना जाणत्या नजरेनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आता शिकवायची पाळी तिची होती.

"ह्या असल्या साड्यांवर बरं दिसतंय. पर खरं शोभतंय त्या मोतिया साडीवर, बारीक बुट्ट्यांची हाय ना, तिच्यावर. निऱ्या मातर जरा लांब घ्यायच्या."

शर्मिलाताई हसायच्या थांबल्या. मोतिया साडी चैतालीच्या बारशाची. सासूबाईंनी दिलेली. ती लोखंडी कपाटाच्या तळच्या कप्प्यात, जुन्या चादरींच्या खाली होती, आणि गेल्या आठ वर्षांत त्यांनी ती बाहेर काढली नव्हती.

"मुक्ताई," त्यांनी हळूच विचारलं, "निऱ्या लांब घ्यायच्या, हे तुला कसं कळलं?"

"भांडी ऱ्हायलीत," असं म्हणून मुक्ताई स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडला.

शर्मिलाताईंनी जाऊन कपाट उघडलं, चादरी बाजूला केल्या आणि साडी बाहेर काढली. त्यांना स्वतःला साडीची घडी कधीच धड घालता आली नव्हती. ही घडी काठाला काठ जुळवून घातलेली होती, आणि मधे वासासाठी वाळ्याची मुळं ठेवलेली होती.